दोनशे पट्ट्या

दोमलूरच्या बसथांब्यावर बुधवारी सकाळी पावणेनऊच्या सुमारास पद्माकर सबनीसने एका माणसाला लाथ मारली. घरात झुरळ निघालं तरी बायकोला हाक मारणारा हा माणूस. वय अडतीस, नोकरी सरकारी प्रयोगशाळेत संख्याशास्त्रज्ञाची, अंगात इस्त्रीचा फिक्का शर्ट, खांद्याला डब्याची पिशवी. मारतहळ्ळीकडे जाणाऱ्या बसची वाट बघत उभा होता. कुणीतरी "कळ्ळ, कळ्ळ!" असं कन्नडमध्ये ओरडलं, म्हणजे चोर, आणि बघता बघता थांब्यामागच्या भिंतीशी गर्दीचं कडं झालं. पद्माकरने खिसा चाचपला. पाकीट जागेवर होतं. त्याचं काहीही गेलेलं नव्हतं. तरी तो पुढे गेला. नुसतं बघायला, असं त्याने स्वतःला सांगितलं. खाली एक हडकुळा माणूस दोन्ही हातांनी डोकं झाकून पडला होता. त्याच्या सदऱ्याची शिवण काखेपासून कमरेपर्यंत उसवली होती आणि त्या फटीतून बरगड्या दिसत होत्या. पद्माकरने पिशवी उजव्या खांद्यावरून डाव्या खांद्यावर घेतली. हे त्याला नंतर फार स्पष्ट आठवत राहिलं, की त्याने आधी पिशवी बदलली. मग एक पाऊल मागे घेतलं आणि बरोबर त्या उसवलेल्या फटीत बूट हाणला. आतून हुंकारासारखा आवाज आला. त्या माणसाने मान वळवून बघितलं ते बुटाकडे. चेहऱ्याकडे बघायची तसदीसुद्धा घेतली नाही. तेवढ्यात बस आली आणि पद्माकरला खिडकीची जागा मिळाली.

त्याला बरं वाटत होतं. लाज वाटायला हवी होती, भीती वाटायला हवी होती, आणि साहेब खिडकीशी बसून बरं वाटून घेत होते. पाच आठवड्यांत पहिल्यांदाच छातीतला ताण सैल झाला होता आणि उजव्या पायाच्या अंगठ्यात एक ऊब शिल्लक होती. बसमध्ये कुणी तरी म्हणत होतं, "स्वल्प जास्ती आय्तु," जरा जास्तच झालं, आणि बाकीचे हसत होते. पद्माकर मोजायला लागला. माणसं चाळीस धरली, प्रत्येकाचे दोन तडाखे धरले, तर ऐंशी. समजा, तो माणूस आता मेला. पहिल्या थपडेने काही कोणी मरत नाही. ऐंशीवा तडाखा मारणाऱ्याने बहुधा प्रेतालाच मारलेलं असणार. मग मेला तो मधे कुठेतरी, त्रेपन्नाव्याला नाहीतर चोपन्नाव्याला, आणि त्या दोघांना जवळ उभं करून बघितलं तर दोघांच्या बुटात काडीचा फरक दिसणार नाही. आपला कितवा होता? हे असं मोजणं त्याला गेले पाच आठवडे जडलं होतं. बाथरूममध्ये फरशा मोजायचा, कपाळावर हात ठेवून स्वतःचा श्वास मोजायचा. सगळं शेवटी दोनशेवर येऊन थांबायचं.

प्रयोगशाळेत पोलादी बाटल्यांच्या चाचण्या होत. बाटल्या म्हणजे माणसाच्या छातीला लागतील एवढ्या उंचीच्या टाक्या. त्यांत नायट्रोजन दाबून भरायचा, गरम तेलाच्या हौदात त्या उभ्या करायच्या आणि फुटण्याच्या बेतात आल्या की दाब उतरवायचा. कुठल्या तापमानाला किती दाबापर्यंत जायचं हे जुन्या चाचण्यांच्या आकड्यांवरून काढून देणं पद्माकरचं काम. त्याचा आलेख साधा होता. आडव्या अक्षावर तापमान, उभ्या अक्षावर दाब, मधोमध एक फुगीर आकृती, आणि त्या आकृतीच्या पोटातून जाणारी धोक्याची काळी रेघ. डावीकडे, थंड बाजूला, ती रेघ उंच होती; उजवीकडे तापमान वाढत जाई तशी ती घसरत खाली येई. जानेवारीत दिल्लीहून पाहुणे येणार म्हणून विभागप्रमुख डॉक्टर श्रीकंठय्यांना तो आलेख रंगीत हवा झाला. हिरव्यातून पिवळा, पिवळ्यातून केशरी, केशरीतून लाल, आणि सांधा कुठे दिसता कामा नये. आता संख्याशास्त्राच्या त्या संगणकभाषेत आकृतीचे कोपरे दिले की ती एका रंगाने भरून मिळे. एका आकृतीला एक रंग, यापलीकडे तिची उडी नव्हती. प्रत्येक बिंदूपाशी फुटण्याची शक्यता काढून त्याप्रमाणे रंग द्यायचा तर यंत्राला अख्खी दुपार लागली असती. पद्माकरने सोपा मार्ग काढला. आकृतीच्या आडव्या दोनशे पट्ट्या कापल्या. सगळ्यात खालची हिरवी, सगळ्यात वरची लाल, मधल्यांना मधले रंग सारखे वाटून दिले. पट्ट्या इतक्या बारीक की डोळ्याला एकसंध उतरत जाणारा रंग दिसे. अकरा ओळींचा तो प्रोग्राम, त्याचं नाव त्याने 'रंगभर' ठेवलं. रंग फक्त दाबाकडे बघून चढत होता. तापमानाची त्याला खबरही नव्हती. हे पद्माकरला त्या दिवशीही माहीत होतं. नजरचुकीने झालेली गोष्ट नव्हती ती. दाखवायचं चित्र आहे, पाहुणे बघतील, फिल्टर कॉफी पितील आणि विमानाने परत जातील, एवढाच त्याचा विचार होता. आणि काळी रेघ त्या रंगांवर फार ओंगळ दिसत होती, म्हणून तिची ओळ त्याने प्रोग्राममधून काढून टाकली.

ती ओळ काढून टाकताना तो खोलीत एकटाच मोठ्याने हसला होता. का हसलो, ते त्याला आत्ता, बसमध्ये, कळत होतं. मिरजेला वडील शाळेत भूगोल शिकवत. भिंतीवर लावायचे नकाशे ते घरीच कार्डशीटवर काढत आणि रंग भरायला पद्माकरला बसवत. मैदानं हिरवी, पठारं पिवळी, डोंगर तपकिरी. "रेघ आधी, रंग मागून," हे त्यांचं बोलणं दिवसातून चारदा कानावर पडे. रंग रेघेबाहेर गेला की पितळी कडेची पट्टी बोटांच्या पेरांवर बसे, मोजून, न चिडता. एकदा, नऊ वर्षांचा असताना, त्याने कोकणाचा ओला हिरवा रंग बोटाने ओढून सह्याद्रीच्या तपकिरीत मिसळला. काय सुंदर दिसलं होतं ते! मुळात डोंगर काही एकदम सुरू होत नाही, तो असाच हळूहळू चढतो. वडिलांनी तेच बोट धरलं आणि मागे वाकवत गेले, कट्‌ असा आवाज येईपर्यंत. स्वयंपाकघरात आईचं लाटणं एक क्षणभर थांबलं आणि परत चालू झालं. पद्माकरला वडिलांचा राग कधी आला नाही असं तो सगळ्यांना सांगत असे. राग आला होता. त्यांचं डोकं त्याच पट्टीने फोडावं असा राग आला होता, आणि तो तीस वर्षं पोटात ठेवून त्याने शेवटी काय केलं, तर एका सरकारी आलेखातली रेघ पुसली.

तो रंगीत कागद चाचणीघराच्या भिंतीवर लागला तो मात्र पिराजी लाडांमुळे. पिराजी चाचणीघराचे मुख्य तंत्रज्ञ, वय चौपन्न. त्यांचे पूर्वज कुठल्या तरी फौजेबरोबर शेकडो वर्षांपूर्वी इकडे आले आणि इथलेच झाले. मराठी घरात बोलत, पण तिच्यात कन्नड इतकं मुरलेलं की पुण्याच्या माणसाला चार वाक्यं झाल्यावर पाणी मागावं लागे. वयाने मोठे म्हणून पद्माकर त्यांना अण्णा म्हणायचा. फेब्रुवारीत एका दुपारी ते काहीतरी विचारायला आले आणि टेबलावरचा कागद बघून तिथेच थबकले. "अय्यो, किती छान आलंय सर! असलं एक आमच्या रूमला द्या की. ते टाईप केलेलं आकड्यांचं टेबल बघून बघून डोळं दुखतात." तोपर्यंत त्या चित्राला छान असं दुसरं कुणीही म्हटलं नव्हतं. पाहुण्यांनी तर ते उलटं धरलं होतं. पद्माकर सुखावला. दाखवायचंच आहे हे, कामाचं नाही, एवढं एक वाक्य बोलायला पाच सेकंद लागली असती. तो म्हणाला, "घ्या की अण्णा, त्यात काय," आणि स्वतः चिकटपट्टी घेऊन जाऊन तो कागद यंत्राशेजारच्या भिंतीवर लावून आला. पुढचे दोन महिने चाचण्या थंड तेलात झाल्या. थंड बाजूला केशरी रंग आणि खरी धोक्याची रेघ जवळपास एकाच उंचीवर येत होती, त्यामुळे काही बिघडलं नाही आणि कागदावर सगळ्यांचा विश्वास बसला. चाचणीघराची रीतच पडली: केशरीला थांबायचं. फायलीतलं टाईप केलेलं टेबल कपाटात गेलं. पद्माकर जाता-येता ते बघत होता. एकदोनदा मनात आलं, उन्हाळ्यात गरम तेलाच्या चाचण्या सुरू व्हायच्या आत सांगायला हवं. मग कुणीतरी चहाला हाक मारी.

एप्रिलच्या सतरा तारखेला पहिल्यांदा तेल एकशे चाळीस अंशांवर नेलं. तिथे खरी रेघ दोनशे नव्वद बार दाबावर होती. राजलक्ष्मी म्हणून सव्वीस वर्षांची मुलगी आकडे टिपायला असे; जाड काचेमागच्या खुर्चीवर बसून ती दाब मोठ्याने वाचायची. मुन्नूर, तीनशे. मुन्नूर हत्तु, तीनशे दहा. पोलादी आडोशामागून हात बाहेर काढून वॉल्व फिरवणाऱ्या पिराजींनी भिंतीकडे बघितलं. एकशे चाळीसच्या वर, तीनशे वीसपाशी, कागद पिवळा होता. लिंबासारखा पिवळा, केशरी अजून बोटभर लांब. त्यांनी वॉल्व आणखी उघडला. पद्माकर तेव्हा पलीकडच्या इमारतीत होता. खिडकीची तावदानं थरथरली. त्याला वाटलं, विमान अगदी खालून गेलं. मग किंकाळी आली आणि तो धावला. काचेच्या जागी भोक होतं. राजलक्ष्मी खुर्चीवर ताठ बसलेली होती, पेन हातात, वही मांडीवर. जबड्याच्या वर मात्र बघण्यासारखं काही उरलं नव्हतं, आणि मागच्या पांढऱ्या भिंतीवर जे उडालं होतं ते अजून खाली ओघळत होतं. जमिनीवर कढत तेल पसरत चाललं होतं. पिराजी दोन्ही हात पुढे धरून उभे होते. हातांची कातडी कोपरापासून सुटून बोटांशी लोंबत होती आणि ते एकच म्हणत होते, "वॉल्व बंद केलो, वॉल्व बंद केलो." या सगळ्यात पद्माकरने आधी काय बघितलं? कागद. मुलीच्या आधी, पिराजींच्या आधी, त्याने भिंतीवरचा कागद बघितला. त्यावर तेलाचा थेंबही उडालेला नव्हता. तेलातून पाय टाकत तो भिंतीशी गेला आणि कागद ओढला. हातात नुसता कोपरा आला. मागून माणसं आत शिरली. त्याने कोपरा खिशात घातला आणि मग पिराजींना धरलं.

तो इस्पितळात चार वेळा गेला. चारही वेळा मोसंबी घेऊन गेला, कारण पहिल्यांदा काय न्यावं सुचलं नाही म्हणून मोसंबी नेली होती. पिराजींच्या हातांना खांद्यापर्यंत बांधलेलं. त्यांची बायको, सकवारबाई, फोडी सोलून त्यांच्या तोंडात घालायची आणि पाहुण्यालाही द्यायची. तिसऱ्या खेपेला पिराजींनी तिला औषध आणायला पाठवलं आणि दार लागल्यावर म्हणाले, "सर, एक सांगतो. माझ्या डाव्या डोळ्यात पडदा आलाय. वरीस होऊन गेलं. मेडिकलला अक्षरं पाठ करून पास झालो. चाचणीच्या स्टँडवरनं काढतील म्हणून भ्यालो." मग छताकडे बघत, "ते केशरीच असणार सर. मला पिवळं दिसलं. त्या पोरीला मीच मारलो." पद्माकर खाटेच्या दांड्याकडे बघत होता. तिथला रंग उडाला होता. आता बोल, बोल, बोल. तो म्हणाला, "असं काही मनात आणू नका अण्णा. विश्रांती घ्या." आणि जो सुटकेचा श्वास त्याच्या नाकातून बाहेर पडला तो त्याने स्वतः ऐकला. सकवारबाई परत आली, तिने पुढे केलेली फोड त्याने घेतली, खाल्ली, बिया हातात धरून ठेवल्या. जिन्यापर्यंत पोचवायला येऊन ती म्हणाली, "तुम्ही येता म्हणून स्वल्प जेवतात बघा. नाहीतर भिंतीकडं तोंड करून पडलेलं असतात."

बस थांबली. पद्माकर उतरून आत गेला तेव्हा डॉक्टर श्रीकंठय्यांचा निरोप टेबलावर होताच; तसाच तो त्यांच्या खोलीत गेला. हे गृहस्थ कधी आवाज चढवत नसत. कपाळावर विभूती, बोलणं इंग्रजीत आणि सावकाश. उद्या चौकशी समिती बसतेय, ते म्हणाले. भिंतीवरचा कागद समितीकडे आहे. आपल्या फायलीत त्याच तारखेची, रेघ असलेली प्रत हवी.

"तशी प्रत नव्हती, सर."

"रेघ तुझ्या गणितात होती ना? मग तू खोटं काही काढणार नाहीस, राहिलेलं काढशील. पिराजीने डोळ्याचं माझ्यापाशीही कबूल केलंय. उद्या तेच सांगणार आहे. त्याची नोकरी जाईल, वाईट वाटतं. पण तो म्हणतोय ते खरं असेल, तर आपण मधे पडणारे कोण?"

श्रीकंठय्यांच्या टेबलावर काचेचा जड गोळा होता, कागद दाबायचा. पद्माकरने तो मनात उचलला. पहिला फटका वरच्या ओठावर, म्हणजे पुढचे दात आत जातील, दुसरा विभूतीवर, तिसऱ्याला चष्म्याची काच डोळ्यात. रक्त त्या पांढऱ्या शर्टाच्या खिशातल्या पेनांवरून कसं उतरेल तेही त्याला दिसलं. सगळं बघून झाल्यावर तो म्हणाला, "सरी, सर," म्हणजे ठीक आहे. आपल्या खोलीत येऊन त्याने संगणकाची तारीख चार महिने मागे नेली, प्रोग्राममध्ये काढलेली ओळ पुन्हा घातली आणि छापायला दिलं. रंगांवर काळी रेघ उमटली, उजवीकडे घसरत जाणारी, अगदी बरोबर. सगळ्याला मिळून सात मिनिटं लागली. खरं बोललो तर आपली नोकरी जाईल, कदाचित तुरुंगही. नाही बोललो तर पिराजी लाड एका मुलीचे मारेकरी म्हणून जगतील आणि तसेच मरतील. दोन्ही गोष्टी त्याला लख्ख दिसत होत्या आणि तरी तो डबा उघडून जेवला.

संध्याकाळी घरी आला तर सात वर्षांची अमृता जमिनीवर पालथी पडून खडूंनी घर रंगवत होती. छपराचा लाल रंग खाली ओढत ओढत तिने भिंतींच्या पिवळ्यात आणला होता आणि बोटाने पुसून एकजीव करत होती. "बाबा, बघ, कळतच नाही कुठे संपलं ते," ती म्हणाली. पद्माकर बूट न काढता तिच्याजवळ बसला. त्याने पेटीतला पहिला खडू घेतला आणि मोडला. मग दुसरा. बाराच्या बारा खडू त्याने एकेक करून मोडले, घाई न करता, आणि प्रत्येकाचे दोन तुकडे पुन्हा पेटीत जागच्या जागी ठेवले. अमृता रडली नाही. ती सरकत सरकत भिंतीला लागली आणि तिने दोन्ही हात पाठीमागे लपवले. हात असे लपवायला मुलं कुठून शिकतात ते पद्माकरला माहीत होतं. त्याची बायको अलका दारात येऊन उभी होती. तिने मुलीला आत नेलं, आतून कडी लावली, आणि मग एकटी बाहेर येऊन त्याच्यासमोर बसली.

"इन्क्वायरी तुझ्यावर नाहीये," ती म्हणाली. "तुला कोणी ब्लेम करत नाहीये. तो माणूस स्वतः म्हणतोय की आय वॉज राँग. तू फक्त गप्प बसायचंस. इतकं काय कठीण आहे त्यात?"

"काहीच कठीण नाही."

"मग खडू कशाला मोडलेस?"

तिच्याही आवाजात भीती होती, आणि ती भीती त्याचीच होती, त्याच्या हातांची. अडतीस वर्षं गरीब म्हणवून घेतलेला माणूस एका दिवसात आपल्या बापाच्या खुर्चीत जाऊन बसला होता. त्याने तिला लाथेबद्दल सांगितलं नाही. रेघेबद्दलही नाही. तो बूट काढायला वाकला तर उजव्या बुटाच्या टोकाला सदऱ्याचा एक धागा अडकलेला होता.

गुरुवारी साडेदहाला समिती बसली. अध्यक्ष दुसऱ्या कुठल्या प्रयोगशाळेतून निवृत्त झालेले, दोन सदस्य, कोपऱ्यात लघुलेखक. टेबलाच्या एका बाजूला डॉक्टर श्रीकंठय्या आणि पद्माकर. समोर एकट्या खुर्चीवर पिराजी, दोन्ही हात मांडीवर ठेवलेले, पांढऱ्या पट्ट्यांचे दोन गठ्ठे. सकवारबाई बाहेर बाकावर बसली होती. टेबलावर दोन कागद होते, एक रेघ असलेला, करकरीत. दुसरा कोपरा फाटलेला. अध्यक्षांनी फाटका कागद पिराजींपुढे धरला, एकशे चाळीस आणि तीनशे वीस जिथे मिळतात तिथे पेन्सिलचं टोक टेकवलं आणि कन्नडमध्ये विचारलं, इथे कुठला रंग दिसला होता? पिराजी खुर्चीतून उठून उभे राहिले. पिवळा दिसला, ते म्हणाले, पण तो पिवळा नसणार. डाव्या डोळ्यात पडदा आहे, वर्षभर लपवला. चूक माझी आहे, तसं लिहून घ्या. त्यांनी हे पाठ केलेलं असावं, इतकं ते सरळ बोलले. लघुलेखकाची पेन्सिल चालू झाली. अध्यक्षांनी कागद स्वतःकडे वळवून बघितला आणि म्हणाले, हा तर केशरी आहे. डावीकडचा सदस्य वाकला. त्याला पिवळसर वाटला. उजवीकडच्याने चष्मा वर करून सांगितलं, आंब्याचा रंग म्हणा हवं तर. तिघेही अनुभवी, डोळस माणसं, एका ठिपक्यावर वाकून वाद घालत होती, आणि पिराजी उभ्या उभ्या त्यांच्या तोंडांकडे आशेने बघत होते, की कुणी तरी एकदाचं केशरी म्हणावं. ती आशा पद्माकरला सहन झाली नाही. श्रीकंठय्यांनी टेबलाखाली त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. तो उठला.

"पिवळाच आहे तो," तो म्हणाला. "त्यांना बरोबर दिसलं. पण त्या रंगाला काही अर्थ नाही."

मग त्याने सगळं सांगितलं. दोनशे पट्ट्या, खालून वर, तापमानाचा संबंध नाही. रेघ कुणी काढून टाकली, कागद कुणी लावला. करकरीत कागद काल दुपारी छापला, तारीख मागे नेऊन, कुणाच्या सांगण्यावरून. आवाज आपला आहे असं त्याला वाटत नव्हतं. शाळेत पाढे म्हणावेत तसा तो बोलत होता. श्रीकंठय्या त्याच सावकाश इंग्रजीत म्हणाले की या गृहस्थांची मनःस्थिती बरी नाही. अध्यक्षांनी त्यांना हाताने थांबवलं. हे सगळं इंग्रजीत झालं आणि पिराजींना त्यातलं निम्मं समजलं असेल. ते टेबलाला वळसा घालून पद्माकरसमोर आले आणि मराठीत बोलले. त्या खोलीत ती भाषा त्या दोघांनाच येत होती.

"माझा डोळा नव्हता?"

"नव्हता, अण्णा."

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"हो."

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून."

पिराजींनी मान हलवली, एखादा हिशेब ऐकून घ्यावा तशी. "चार वेळा आलात तुम्ही," ते म्हणाले. "आमच्या बाईच्या हातची मोसंबी खाल्लात." त्यांचा खालचा ओठ हलत होता पण आवाज शांत होता. "रविवारी बेळ्ळंदूरला जाऊन आलो. राजलक्ष्मीच्या घरी. तिच्या आईच्या पायावर डोकं ठेवलो. तुमच्या पोरीला मी मारलो म्हणून सांगितलो. तिनं चप्पल काढली. दमेपर्यंत मारली मला, सगळ्या गल्लीसमोर. मी मारून घेतलो. हात बांधलेलं, तोंडबी झाकता आलं नाही."

पद्माकरला हे माहीत नव्हतं. त्याने तोंड उघडलं आणि त्याच वेळी पिराजींचा उजवा हात वर गेला. सगळ्या अंगाचं वजन घालून त्यांनी तो त्याच्या तोंडावर हाणला. खोलीत किंकाळी उठली ती पिराजींची. ते जागच्या जागी गुडघ्यांवर बसले, बांधलेला हात पोटाशी दाबून, आणि पट्टीतून ओलं लाल वर येऊन पसरायला लागलं. दार उघडून सकवारबाई धावत आली. अध्यक्ष शिपायाला हाका मारत होते. पद्माकर होता तिथेच उभा होता. त्याने चष्मा काढला आणि दुसऱ्या फटक्यासाठी थांबून राहिला. गालाला कापसाचा मऊ स्पर्श तेवढा झाला होता. त्याला काहीच लागलं नव्हतं.